पाणपोईवरचा धावपटू

आज एक उदाहरण सोडवायला घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

डोंगरातल्या पायवाटांवर धावण्याची शर्यत आहे. तुम्ही स्पर्धक नाही, स्वयंसेवक आहात. सकाळी साडेसात ते दुपारी साडेबारा तुम्हाला एका पाणपोईवर उभे राहून धावपटूंना पाणी, लिंबाचे सरबत आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे द्यायचे आहेत. पण धावण्याची आवड तुम्हालाही आहे. समोर डोंगर दिसतो आहे, आणि आपण मात्र पेले भरत बसणार! मग कामात कसूर न करता स्वतःची धाव या दिवसात कोठे बसवाल? कामाच्या आधी की नंतर?

हे काळ-काम-वेगाचे उदाहरण आहे असे प्रथम वाटते. मलाही तसेच वाटले होते, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो! उत्तर चुकले ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

शर्यत ऑक्टोबरातली, पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याला. टेकड्यांमधून ७ किलोमीटरची एक वर्तुळाकार वाट आखली होती, आणि स्पर्धकांनी तिच्या तीन फेऱ्या, म्हणजे २१ किलोमीटर, पुऱ्या करायच्या होत्या. आमच्या शाळेतल्या नववीच्या सहा मुलामुलींना घेऊन मी वाटेच्या मध्यावरची पाणपोई सांभाळणार होतो. आदल्या रात्री मी माझा बेत आखला : पहाटे ५ वाजता विजेरी घेऊन आतकरवाडीहून सिंहगड चढायचा, पुणे दरवाजाला हात लावायचा, खाली यायचे, न्याहारी करायची आणि साडेसातला पाणपोईवर हजर.

अशा बेतासाठी एक जुना नियम आहे. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने तो १८९२ साली सांगितला. आपल्या मापात तो असा : दर ५ किलोमीटर अंतराला १ तास धरा, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास मिळवा. आतकरवाडीपासून गडापर्यंतची वाट जेमतेम ३ किलोमीटरची आहे, पण चढ सुमारे ६०० मीटरचा. म्हणजे ३६ मिनिटे अधिक ६० मिनिटे, एकूण ९६ मिनिटे. हा नियम चालणाऱ्यांसाठी, मी तर धावणारा! म्हणून मी तो सरळ निम्म्यावर आणला. ५० मिनिटे चढायला, ४० उतरायला. साडेसहाला खाली, मग एक तास मोकळा.

प्रत्यक्षात चढायला ७० मिनिटे लागली आणि उतरायला ५०. सात वाजता खाली आलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या आणि सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. न्याहारी राहिलीच. कसाबसा साडेसातला पाणपोईवर पोचलो. घड्याळाच्या हिशेबाने पाहिले तर बेत पार पडला होता. पण शरीर एक वेगळी वही ठेवते. ती आता उघडून पाहू.

चढाचा हिशेब

माझे वजन ६० किलोग्रॅम आहे. ६० किलोग्रॅम वस्तुमान ६०० मीटर वर उचलायला किती कार्य करावे लागेल? वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : ६० × ९.८ × ६०० = ३,५२,८०० जूल, म्हणजे सुमारे ३५३ किलोजूल किंवा ८४ किलोकॅलरी. इतकेच? एका भाकरीत याहून अधिक ऊर्जा मिळते!

पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा भाग तो कार्यात आणतो आणि उरलेले तीन भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. तेव्हा ८४ किलोकॅलरीचे कार्य हवे असेल तर खर्च ८४ × ४ = ३३६ किलोकॅलरी. त्यांपैकी २५२ किलोकॅलरी निव्वळ उष्णता. (पुढे सरकण्याचा, हात हलवण्याचा, तोल सावरण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.)

ही उष्णता शरीरातच राहिली तर काय होईल? मानवी शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, सुमारे ०.८३ आहे. म्हणजे ६० किलोग्रॅमचे शरीर १ अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. २५२ ला ५० ने भागा. उत्तर ५ अंश! ३७ अंशांवर निघालेला माणूस पुणे दरवाजाशी पोचेल तेव्हा ४२ अंशांवर असेल, आणि ४० अंशांच्या पुढेच उष्माघाताचा प्रदेश सुरू होतो. एका साध्या चढणीने जीव जाण्याची वेळ यावी, पण तसे होत नाही. कारण आपल्याला घाम येतो.

मानवाच्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. कातडीवरचे १ ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर नेते. (तुमच्या पाठ्यपुस्तकात ५४० हा आकडा असेल. तो १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा. कमी तापमानाला वाफ होताना थोडी अधिक उष्णता लागते.) २५२ किलोकॅलरी घालवायला सुमारे ४३५ ग्रॅम घाम, म्हणजे दोन पेल्यांहून थोडा जास्त, वाळावा लागेल. हा ‘वाळावा’ शब्द महत्त्वाचा आहे. टपटप गळून पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. ऑक्टोबरच्या पहाटे सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा दमट असते, झाडीत वारा नसतो. माझा सदरा भिजला होता याचा अर्थ पुष्कळसा घाम फुकट गेला होता, आणि शरीर तो भरून काढण्यासाठी आणखी घाम गाळत होते.

अंगभर घाम गाळून थंड होणारे प्राणी थोडेच. कुत्रा धापा टाकतो, म्हैस डबक्यात बसते. मोठ्या प्रमाणावर घाम येणारा दुसरा धावणारा प्राणी म्हणजे घोडा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात घोड्यांची १०० मैलांची एक डोंगरी शर्यत आहे. तिच्यात ठिकठिकाणी घोडे थांबवून पशुवैद्य त्यांची नाडी पाहतात. जो घोडा सावरत नाही त्याला पुढे सोडत नाहीत. १९७४ साली गॉर्डन एन्स्ली नावाच्या माणसाने घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी ही शर्यत २३ तास ४२ मिनिटांत पुरी केली. तिच्यातूनच १९७७ साली त्याच वाटेवर माणसांची शर्यत सुरू झाली, आणि घोड्यांसाठी असलेली थांबवून तपासण्याची पद्धत माणसांकडेही आली. तेथे अनेक वर्षे धावपटूंचे वाटेत वजन करीत असत. तेव्हा पाणपोई ही केवळ पाणी देण्याची जागा नाही. तेथे उभ्या असलेल्या माणसाने येणाऱ्याकडे नीट पाहणे हेही तिचे काम आहे. मी त्या दिवशी नेमके तेच केले नाही.

उताराचा हिशेब

चढ संपला की आपण सुटलो असे वाटते. पण चढताना साठवलेली ८४ किलोकॅलरी स्थितिज ऊर्जा उतरताना कोठे जाते? दगड असता तर गडगडत जाऊन आपटला असता. आपण आपटत नाही, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात आणि ही ऊर्जा उष्णता होऊन स्नायूंतच मुरते.

हे ब्रेक लावणे विचित्र असते. एरवी स्नायू आखडतो तेव्हा काम करतो. उतारावर मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. अशा वेळी तेवढ्याच जोरासाठी कमी तंतू कामाला लागतात. इंधन कमी जळते, दम लागत नाही, आणि आपण खुशीत वेग वाढवतो. पण थोड्या तंतूंवर सगळा भार पडल्याने त्यांत सूक्ष्म इजा होतात. त्यांचे दुखणे लगेच कळत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. लगेच जाणवते ती स्नायूंची दुर्बलता, आणि माझ्या मांड्या थरथरत होत्या त्या यामुळेच.

त्यातच पाच तास उभे राहायचे होते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबून पायांतले रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहिले की हा पंप बंद पडतो आणि रक्त पायांत साचू लागते. तासाभरात मी पाण्याच्या पिंपावर बसलो. मुले धावपळ करीत होती. मी बसल्या जागेवरून पेले भरत होतो आणि पुढे येणाऱ्या हातांत देत होतो. तोंडाने एकच घोषा : “प्या, अजून प्या, ऊन वाढतंय!”

वहीतील नोंद

मुलांना मी एक काम दिले होते. पुढच्या वर्षी पाणी किती मागवायचे ते कळावे म्हणून धावपटूच्या छातीवरचा क्रमांक आणि त्याने घेतलेले पेले वहीत टिपायचे. नववीतल्या एका मुलीने हे काम फार मनावर घेतले होते. पेला २०० मिलिलिटरचा, बाटली भरून घेतली तर ती वेगळी, असे रकाने तिने पाडले होते.

अकराच्या सुमारास मागच्या गटातले एक गृहस्थ तिसऱ्या फेरीत आमच्याकडे आले. पन्नाशीचे असावेत. अगदी सावकाश धावत होते. “डोकं दुखतंय, मळमळतंय, उन्हाचं झालं बहुतेक,” म्हणाले आणि पाणी मागितले. मी पेला भरला. ते प्यायले. दुसरा भरला.

“सर, थांबा,” ती मुलगी म्हणाली. “यांनी दोन फेऱ्यांत नऊ पेले घेतलेत आणि दोनदा लिटरची बाटली भरलीय.”

मी तिला गप्प करणार होतो. उन्हात माणूस पाणी पितो, त्यात काय! पण तिने त्यांच्या हाताकडे बोट दाखवले. बोटे सुजून घट्ट झाली होती आणि अंगठी कातडीत रुतली होती. तेव्हा कोठे मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मी नाव विचारले. त्यांनी सांगितले, पण किती फेऱ्या झाल्या हे त्यांना आठवेना.

नऊ पेले म्हणजे १.८ लिटर, दोन बाटल्या म्हणजे २ लिटर. एकूण ३.८ लिटर. शर्यतीच्या आरंभस्थानी दुसरी पाणपोई होती, तेथे प्यायले ते निराळे. त्यांनीच नंतर सांगितले, दीड लिटर तरी असेल. साडेतीन तासांत ५ लिटरांवर पाणी पोटात गेले होते. सावकाश धावणाऱ्याला घाम बेताचा येतो. अडीच लिटर घाम गेला असे धरले तरी पाणी शिल्लकच राहते, आणि कष्टाच्या वेळी मूत्र रोखून धरणारे संप्रेरक रक्तात वाढलेले असल्यामुळे मूत्रपिंडे ते झटपट बाहेर टाकत नाहीत.

आता पुन्हा कागद घ्या. ६० किलोग्रॅमच्या माणसात सुमारे ३६ लिटर पाणी असते. रक्तद्रवात दर लिटरला सोडियमचे प्रमाण १३५ ते १४५ मिलिमोल असते. आपण १४० धरू. त्यात ३ लिटर बिनमिठाचे पाणी साचले तर ३६ चे ३९ लिटर होतील, आणि १४० × ३६ ÷ ३९ = १२९. मीठ कोठे गेले नाही, तरी ते पातळ झाले! बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात हे तुम्ही पाहिले आहे. रक्त पातळ झाले की पेशींत तसेच पाणी शिरते. बोटे फुगली तर अंगठी रुतते, इतकेच. पण मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. त्याला फुगायला जागा नाही. म्हणून डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि प्रकार वाढला तर झटके, बेशुद्धी, मृत्यूही.

गंमत पाहा : डोकेदुखी आणि मळमळ उन्हाच्या त्रासातही होते. माणूस आणि मदतनीस दोघांनाही वाटते, पाणी कमी पडले. आणि ते आणखी पाणी देतात. शर्यतींमध्ये पाणी जास्त झाल्याने असे होते हे वैद्यकशास्त्राला तरी कोठे लवकर कळले! दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार रुग्णांची हकिगत १९८५ साली प्रसिद्ध केली. २००२ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ जणांचे रक्त तपासले, त्यांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून खाली आढळले. हा अभ्यास २००५ साली छापून आला. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले होते, आणि ज्यांना चार तासांहून अधिक लागले होते, त्यांना हा धोका अधिक होता. पुढे धावणाऱ्यांना पाणी प्यायला वेळच नसतो. तो मागच्यांना असतो, आणि त्यांना आग्रह करायला माझ्यासारखे लोकही असतात.

आम्ही त्या गृहस्थांना सावलीत बसवले, पाणी बंद केले आणि शर्यतीच्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी वही पाहिली, बोटे पाहिली आणि गाडीतून त्यांना दवाखान्यात पाठवले. रक्ताचा अहवाल आला, सोडियम १२८. संध्याकाळपर्यंत ते ठीक झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून त्या मुलीशी बोलायचे आहे म्हणून सांगितले. माझ्याशी बोलायचे आहे असे काही ते म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होते.

कोणी विचारील की पहाटे सिंहगडावर धावलो नसतो तर मला कळले असते का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. या रोगाबद्दल मी वाचलेले होते. पण पिंपावर बसून, रिकाम्या पोटी, डोळ्यांपुढे फक्त हात येत होते. स्वतःची धाव बसवताना मी घड्याळात दीड-दोन तास शोधले. त्यानंतरच्या पाच तासांसाठी अंगात काय उरेल हे मोजलेच नाही.

करून पाहण्याजोगे

आपल्याला ताशी किती घाम येतो हे प्रत्येकाला घरी काढता येते. धावण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास धावा. मधे प्यालेले पाणी मोजून ठेवा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा तसेच वजन करा. समजा, आधीचे वजन ४८.२ किलोग्रॅम, नंतरचे ४७.६, आणि प्यालेले पाणी २५० मिलिलिटर. तर घाम ६०० + २५० = ८५० ग्रॅम. हाच प्रयोग जानेवारीत, मे महिन्यात आणि पावसाळ्यात करा. आकडे बरेच वेगळे येतील. वर्गातल्या दोन मुलांचेही जुळणार नाहीत. म्हणून सगळ्यांनी तासाला इतके पाणी प्यावे असा एकच आकडा सांगता येत नाही. तहान लागेल तसे प्यावे, आणि धावून वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले हे ओळखावे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर घ्यावा. वजनकाटा मात्र १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. रेल्वे स्टेशनावरच्या काट्यावर भागणार नाही.

पुन्हा त्याच डोंगरात

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. या खेपेस मी संयोजकांकडे दुसरे काम मागितले : आदल्या दिवशी वाटेवर फिती बांधण्याचे. डोंगरात वाट चुकू नये म्हणून झुडपांवर रंगीत फिती बांधाव्या लागतात. दर १०० मीटरला एक, म्हणजे ७ किलोमीटरला ७०, आणि फाटे फुटतात तेथे दोन-दोन. एक फीत बांधायला अर्धे मिनिट धरले तर ७० फितींना ३५ मिनिटे. धावायचे, थांबायचे, बांधायचे, पुन्हा धावायचे. प्रत्येक थांब्यावर नाडी खाली येते, घाम वाळायला सवड मिळते. नेस्मिथच्या नियमाला या वेळी हात लावला नाही, उलट त्यात ३५ मिनिटे मिळवली. संध्याकाळी पाचपर्यंत सगळी वाट माझी स्वतःची धावून झाली होती, आणि कामही झाले होते. रात्री पोटभर जेवून झोपलो.

शर्यतीच्या दिवशी पाणपोईवर मी उभा होतो. पिंपावर बसायला बंदी आहे असे त्या मुलीने, आता दहावीतल्या, आल्याआल्याच सांगितले. वहीत तिने एक रकाना वाढवला होता : ‘चेहरा’. त्यात ‘ठीक’, ‘थकलेला’ आणि ‘सरांना दाखवा’ असे तीनच शेरे.

दुपारी शेवटच्या धावपटूच्या मागोमाग फिती सोडवत जाण्याचे कामही आमच्याकडेच आले. ही मात्र धाव नव्हे. शेवटचा जितका सावकाश जाईल तितकेच आपणही जायचे, त्याला घाई होईल इतके जवळ जायचे नाही आणि दिसेनासा होईल इतके मागेही राहायचे नाही. मुले पुढे पळू पाहत होती, त्यांना आवरावे लागले. बांधलेल्या ८४ फितींपैकी ८१ परत मिळाल्या. दोन शेळ्यांनी खाल्ल्या असाव्यात, कारण झुडपाचा शेंडाही नव्हता. तिसरी एका गुराख्याच्या मुलाने काठीला बांधली होती. ती आम्ही त्याच्याकडेच राहू दिली.